विसर्पण, शिथिलन आणि संकल्पन सामर्थ्य

प्रश्न : मातीच्या प्रबलनासाठी (मजबुतीसाठी) वापरल्या जाणाऱ्या जिओग्रिड या प्लास्टिकच्या जाळीविषयीच्या मराठी मजकुरात ‘क्रीप’साठी कोठे ‘विसर्पण’, कोठे ‘शिथिलता’, तर कोठे नुसते ‘ताणले जाणे’ असे आढळते. हे शब्द एकमेकांऐवजी चालतील का?

उत्तर : चालणार नाहीत. भार कायम असताना काळाबरोबर लांबी वाढत जाते, ते विसर्पण. लांबी कायम धरून ठेवली असता आतले प्रतिबल (अंतर्गत ताण) हळूहळू उतरते, ते शिथिलन. भार पडताक्षणी होणारी वाढ या दोहोंतही बसत नाही, म्हणून ‘ताणले जाणे’ हा शब्दप्रयोग फार ढोबळ ठरतो. पॉलिप्रॉपिलीन आणि उच्च घनतेचे पॉलिएथिलीन यांच्यात विसर्पण जास्त, पॉलिएस्टरमध्ये कमी; कारण जमिनीच्या नेहमीच्या तापमानाला पहिल्या दोहोंतील अस्फटिकी, म्हणजे विस्कळीत रचनेच्या, भागांतल्या रेणूंच्या साखळ्या हलू शकतात, तर पॉलिएस्टरमध्ये त्या मोकळ्या व्हायला साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढचे तापमान लागते.

प्रश्न : मग ‘सामर्थ्य’ या शब्दाने नेमके काय समजावे?

उत्तर : विशेषण लावल्याखेरीज काहीच समजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जाळीच्या गुंडाळीसोबतच्या पत्रकात असते ते काही मिनिटांत उरकणाऱ्या ताणचाचणीतले अंतिम सामर्थ्य. त्याला विसर्पण, भराव दाबताना होणारी इजा आणि रासायनिक झीज यांच्या गुणकांनी भागले की दीर्घकालीन सामर्थ्य मिळते. अंतिम सामर्थ्य दर मीटर रुंदीला 100 किलोन्यूटन आणि गुणक अनुक्रमे 1.6, 1.2 व 1.1 धरले, तर हाती सुमारे 47 उरतात. त्यावर सुरक्षा गुणक लावल्यावर जे राहते, त्यालाच संकल्पन (डिझाइन) सामर्थ्य म्हणावे. पॉलिप्रॉपिलीनसाठी तर एकटा विसर्पणाचा गुणकच 4 ते 5 धरला जातो.

प्रश्न : म्हणजे जाळी वर्षानुवर्षे कमकुवत होत जाते, असे लिहावे का?

उत्तर : विसर्पणापुरते तरी तसे लिहू नये. त्याचा गुणक झालेली हानी मोजत नाही. 75, 100 किंवा 120 वर्षे अखंड वाहिला तर मुदतीच्या शेवटी विसर्पणभंग (विसर्पण वाढत जाऊन तुटणे) घडवील असा भार अंतिम सामर्थ्याच्या कितवा हिस्सा आहे, एवढेच तो सांगतो. (चाचणी प्रत्यक्षात 10,000 तासांची, म्हणजे जेमतेम चौदा महिन्यांची असते, पुढचा अंदाज जास्त तापमानाला केलेल्या चाचण्यांच्या आधारे बांधतात.) त्यामुळे मर्यादित भाराखाली कित्येक वर्षे राहिलेला नमुना उकरून काढून ताणला, तर विसर्पणामुळे त्याच्या तुटण्याच्या सामर्थ्यात फारशी घट झालेली दिसत नाही, आणि तरीही संकल्पनात तो गुणक वगळता येत नाही. म्हणून ‘विसर्पणाने घटलेले सामर्थ्य’ यापेक्षा ‘विसर्पण-मर्यादित सामर्थ्य’ हा प्रयोग मला अधिक अचूक वाटतो.