१००० तुकड्यांचं जिगसॉ घ्यायचंय, दर्जा कसा ओळखायचा? (सोलापूर)

सातरस्ता:
५०० तुकड्यांची काही जिगसॉ (तुकडे जोडून चित्र पूर्ण करायची कोडी) लावून झाली, आता १००० चं घ्यायचं आहे. नवी पेठेत बहुतेक लहान मुलांचीच मिळतात, आणि ऑनलाइन बघावं तर खोक्यावरच्या चित्रापलीकडे काही कळत नाही. एकसारखं दिसणारं चित्र, पण किमतीत चार-पाच पट फरक. मागच्या खेपेच्या स्वस्त जिगसॉमध्ये तुकडे इतके सैल होते की हात लागला की अख्खी ओळ सरकायची. दोन-तीन ठिकाणी वरचा चित्राचा कागदही सुटला. घेण्याआधी काय बघायचं? आणि एक शंका. मोठं टेबल नाही, जमिनीवरच लावायचं आहे. खाली सोलापुरी चादर अंथरली तर रात्री गुंडाळून ठेवता येईल का?

कोरा_पुठ्ठा:
चित्र सगळ्यात शेवटी बघा. आधी पूर्ण झाल्यावरचं माप बघा. खोक्यावर किंवा वर्णनात ते असतंच आणि सगळ्यात जास्त तेच सांगून जातं. रॅव्हेन्सबर्गर या जर्मन कंपनीचं १००० तुकड्यांचं जिगसॉ ७० × ५० सेंमी भरतं, म्हणजे एका तुकड्याला साधारण साडेतीन चौरस सेंमी जागा. काही स्वस्त जिगसॉ १००० तुकडे म्हणतात आणि माप ४२ × ३० सेंमी असतं. तिथे तुकड्याला सव्वा चौरस सेंमी, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा. तो चिमटीत नीट धरवत नाही आणि त्याची मान, म्हणजे शेजारच्या खाचेत बसणाऱ्या गोल डोक्यामागचा अरुंद भाग, इतकी बारीक असते की दोनदा काढला-घातला की वाकते.

मग पुठ्ठा. चांगल्या जिगसॉचा पुठ्ठा दीड ते दोन मिलिमीटर जाड आणि घट्ट दाबलेला असतो. एक तुकडा दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. कडक लागला पाहिजे. पापडासारखा लवला तर पुठ्ठा भुसभुशीत आहे, आणि असल्या पुठ्ठ्याचे थर कडेला सुटायला लागतात.

सैल बसणं आणि कागद सुटणं या दोन्ही तक्रारींचं मूळ मात्र बहुतेक वेळा कटाईत असतं. पोलादी पट्ट्या वाकवून लाकडी पाटात ठोकतात, त्याला डाय म्हणतात. चित्र चिकटवलेला पुठ्ठा आणि हा डाय प्रचंड दाबाखाली एकमेकांवर आणला की सगळे तुकडे कापले जातात. पट्ट्यांना धार असेपर्यंत काम सुबक होतं. धार गेली की पातं कापण्याऐवजी चिरडतं. कागद काठाशी फाटतो, पुठ्ठ्याचे तंतू बाहेर येतात आणि काही तुकडे एकमेकांना चिकटलेलेच राहतात. असे जोडलेले तुकडे हातानं ओढून तोडू नका, कागद हमखास सुटतो. उलटे करा आणि मागच्या बाजूनं कटरचं टोक रेषेवरून फिरवा.

खोकं उघडल्यावर पिशवीच्या तळाशी किती भुसा आहे ते बघा. चिमूटभर चालतो. चमचाभर निघाला तर डाय बोथट होता असं समजा. सगळे तुकडे गव्हाच्या चाळणीतून चाळून घ्या, नाहीतर तोच भुसा खाचांत बसून तुकडे वर उचलतो. चाळलेला भुसा फेकण्याआधी बोटानं चाचपा, चित्राच्या कागदाचे कपटे त्यात सापडतात.

घट्टपणा तपासायला कोणतेही आठ-दहा तुकडे जोडा आणि एका टोकाला धरून पट्टी उचला. थोडी लोंबेल, पण सुटता कामा नये. उलट, तुकडा बसवायला अंगठा जोरात दाबावा लागत असेल तर तेही वाईट, कारण काढताना कागद उचकटतो.

सुटलेल्या कागदाला उपाय आहे. टूथपिकच्या टोकावर फेविकॉलचा बारीक थेंब घ्या, कागदाखाली सरकवा, वर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकाखाली तासभर दाबा. थेंब मोठा झाला तर काठाबाहेर येऊन शेजारच्या तुकड्याला धरतो.

छपाईची चकाकीही बघा. गुळगुळीत चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइटचा पट्टा पडतो आणि गडद रंगांतला फरक दिसेनासा होतो. कापडासारखा बारीक खरखरीत उठाव दिलेला कागद रात्री लावणाऱ्यांना फार सोयीचा.

होटगी_रोड:
चादरीबद्दल. नको. सोलापुरी चादरीची वीण जाड, तिची नक्षी उठावाची, त्यामुळे खाली सपाटी मिळत नाही. तुकड्याचा एक कोपरा नक्षीवर आणि दुसरा खळग्यात, मग डोकं खाचेत तिरकं बसतं. शिवाय सुताचे तंतू सांध्यात अडकतात. टॉवेल तर त्याहून वाईट, त्याच्या फासांमुळे तुकडा सरकतच नाही.

गुंडाळायचंच असेल तर २ मिमीचं फेल्ट (तंतू दाबून केलेलं सपाट कापड) घ्या आणि ते ४ इंची पीव्हीसी पाइपावर गुंडाळा. जिगसॉ गुंडाळायच्या विकतच्या मॅटसोबत येणाऱ्या बारीक नळ्यांवर वळण फार आवळ बसतं आणि रांगा उघडतात. चित्र पाइपाच्या बाहेरच्या बाजूला राहील असं गुंडाळा.

पण खरं सांगायचं तर गुंडाळण्यापेक्षा पाट बरा. ७० × ५० च्या जिगसॉला ३ × २ फुटांचा ६ मिमी प्लायचा तुकडा पुरतो, भोवती बोटभर जागा उरते. सुताराकडून चारी काठांना अर्ध्या इंचाची पट्टी मारून घेतली की तुकडे घरंगळत नाहीत आणि रात्री अख्खा पाट पलंगाखाली सरकवता येतो. प्लाय जड वाटला तर फ्लेक्स छापणाऱ्यांकडे मिळणारा ५ मिमी सनबोर्ड (फोमचा हलका फलक) चालेल, फक्त तो उचलताना मधोमध हात द्या. वर जुनी सुती ओढणी टाका. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ दोन दिवसांत फिकट रंगांवर बसते आणि पुसायला गेलं की पसरते.

हवामानाचंही आहे. जिगसॉच्या वरच्या बाजूला छापील कागद आणि लेप, मागे उघडा पुठ्ठा. एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी पडली की मागचा पुठ्ठा आक्रसतो आणि जोडलेला भाग मध्यभागी फुगतो. कूलरच्या झोतात ठेवलं तर उलटं होतं, मागची बाजू ओल धरते आणि कडा वर उचलतात. दोन्ही वेळी वर दुसरा सपाट पाट आणि त्यावर पुस्तकांचं वजन ठेवून रात्रभर दाबलं की बहुतेक ताळ्यावर येतं. कूलरच्या वाऱ्याच्या रेषेत मात्र लावायला बसूच नका.

निळं_आभाळ:
वरचं सगळं पटलं, कटाईच्या नमुन्याबद्दल भर घालते. ग्रिड कटमध्ये तुकडे आडव्या-उभ्या रांगांत येतात, जवळजवळ सगळे चौकोनी आणि चार बाजूंचे. रँडम कटमध्ये आकार वेडेवाकडे, कधी एका तुकड्याला पाच शेजारी. पहिल्या १००० ला ग्रिड कटच घ्या. त्याचा धोका एकच, चुकीचा तुकडाही बसल्यासारखा वाटतो. आभाळात हे सर्रास होतं. संशय आला तर पाट खिडकीकडे नेऊन तिरक्या उजेडात बघा. खरा सांधा केसाएवढा दिसतो, चुकीच्या सांध्यात एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा असतो. चार तुकडे जिथे मिळतात तो कोपरा सगळ्यात आधी चुगली करतो.

ग्रिड कटचा मोठा फायदा म्हणजे मोजणी. कडा पूर्ण झाल्या की लांबीचे आणि रुंदीचे तुकडे मोजून गुणाकार करा. बऱ्याच जिगसॉमध्ये ३८ × २७ येतात, म्हणजे १०२६ तुकडे. खोक्यावर १००० लिहिलेलं असलं तरी ते बरोबरच आहे. ४० × २५ असेल तर नेमके १०००. दोन्हींत कडेचे तुकडे १२६ च होतात. परत करायची मुदत संपण्याआधी निदान हे १२६ वेगळे काढून मोजा. एखादा कमी भरला तर लगेच घाबरू नका, पिशवीची दुमड आणि खोक्याच्या आतल्या घड्या बघा, आणि उरलेला ढीग परत एकदा चाळा. पहिल्या निवडीत कडेचे चार-पाच तुकडे हमखास हातातून सुटतात.

वर्गवारीला साडीचे चपटे खोके घ्या, सहा-सात पुरे. मिठाईचे नकोत, तुपाचा डाग पुठ्ठा शोषून घेतो. आधी कडा, मग रंग, आणि एकाच रंगाचे शंभरच्या वर तुकडे उरले तर आकार. दोन डोकी समोरासमोर, दोन डोकी शेजारी, तीन डोकी, एकच डोकं, चारही डोकी, चारही खाचा. या सहा ढिगांनी आभाळाचं काम निम्म्यावर येतं.

सातरस्ता:
फार मोलाचं मिळालं, आभार. आणखी दोन विचारतो. स्वतःच्या फोटोचं जिगसॉ करून मिळतं, त्यात सिद्धेश्वर मंदिराचा तलावासकट फोटो द्यावा असं मनात आहे. आणि तुकडा खरंच हरवला तर काय करायचं?

कोरा_पुठ्ठा:
फोटोचा हिशेब आधी करा. ७० × ५० सेंमीवर १५० डीपीआयनं (दर इंचाला १५० ठिपके) छापायचं तर साधारण ४१३५ × २९५५ पिक्सेल लागतात, म्हणजे १२ मेगापिक्सेल. मोबाइलचा मूळ फोटो जेमतेम पुरतो. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो आक्रसलेला असतो, तो देऊ नका. ३०० डीपीआयला चौपट, म्हणजे ४९ मेगापिक्सेलच्या आसपास लागतात. फोटोचं प्रमाण ७:५ नसेल तर काठ कापला जाईल, तो कुठून कापायचा हे तुम्हीच ठरवून द्या. ऑर्डर देण्याआधी पुठ्ठ्याची जाडी विचारा. या प्रकारात पातळ पुठ्ठा फार वापरतात.

लेझरनं कापलेलं लाकडी जिगसॉ करून घ्यायचं असेल तर लेझर स्वतः एक-दोन दशांश मिलिमीटर लाकूड जाळून टाकतो हे धरून चला. त्यामुळे तुकडे थोडे सैलच बसतात, पट्टी धरून उचलायची कसोटी इथे लावू नका. काठाची काजळी कोरड्या फडक्यानं पुसा, ओलं फडकं लावलं की ती चित्रावर पसरते.

निळं_आभाळ:
मंदिराच्या फोटोत आभाळ आणि पाणी मिळून अर्ध्यापेक्षा जास्त जागा जात असेल तर तो ५०० मध्ये करा. वाऱ्यानं थोडी लहर उठलेली असताना काढलेला फोटो घ्या. पाणी आरशासारखं स्थिर असेल तर खरं शिखर आणि त्याचं प्रतिबिंब यांचे तुकडे एकमेकांत मिसळतात. गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा फोटो सुंदर दिसतो, पण सगळीकडे पांढऱ्या बाराबंद्या. तो १००० मध्ये पहिल्यांदा घेऊ नका.

हरवलेल्या तुकड्यासाठी आधी कंपनीच्या संकेतस्थळावर बघा, एज्युकासारख्या काही कंपन्या हरवलेला तुकडा पुरवतात. म्हणून खोकं आणि त्यावरचा कोड टाकू नका. नाहीतर घरी बनवा. भोकावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिल आडवी घासली की काठाचा ठसा उमटतो. तो बाइंडिंगच्या दीड-दोन मिमी पुठ्ठ्यावर उतरवा आणि नव्या पात्याच्या कटरनं तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापा. एका दाबात कापायला गेलं तर मान तुटते. खोक्यावरच्या चित्रातला तेवढा भाग स्कॅन करून, जिगसॉच्या मापाला मोठा करून छापा आणि वर चिकटवा. त्याच कंपनीचं, तितक्याच तुकड्यांचं दुसरं जिगसॉ घरात असेल तर त्यातला त्याच रांगेतला, त्याच क्रमांकाचा तुकडा बसवून बघा. एकच डाय अनेक चित्रांना वापरतात, त्यामुळे आकार तंतोतंत जुळू शकतो आणि ट्रेसिंगची गरज उरत नाही.

होटगी_रोड:
पुढे फ्रेम करायची असेल तर आत्ताच सांगून ठेवतो, फेविकॉल चित्रावर लावू नका, पृष्ठभागाची पोत जाते. दोन पाटांमध्ये धरून जिगसॉ उलटं करा आणि मागून लावा. ७० × ५० ला ५० ते ६० मिली पुरतं. पाणी घालू नका, पुठ्ठा फुगतो. जुन्या एटीएम कार्डानं पातळ ओढा आणि त्या वेळी पंखा बंद ठेवा, नाहीतर सांध्यात उतरायच्या आत वर साय धरते. हाताला चिकटेनासं झालं की बटर पेपर टाकून वर पाट आणि वजन, रात्रभर. फ्रेमवाल्याला माप खोक्यावरचं देऊ नका. जोडलेलं जिगसॉ दोन मिलिमीटर इकडेतिकडे भरतं, ते मोजून वर ३ मिमी मोकळी जागा सांगा.