शब्दचर्चा: ‘काइज्यू’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

जुन्या जपानी चित्रपटांवर मराठीत एक लेख लिहिते आहे. १९५४ चा ‘गोजिरा’ (इंग्रजीत ‘गॉडझिला’), १९५६ चा ‘रोदान’, १९६१ चा ‘मोसुरा’, १९६५ चा ‘गामेरा’, म्हणजे अवाढव्य प्राण्यांचे ते चित्रपट. जपानीत अशा प्राण्याला ‘काइजू’ म्हणतात. मी पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘राक्षस’ लिहिलं, पण वाचताना ते खटकतंय. का खटकतंय, ते मात्र सांगता येत नाही. दुसरा शब्द सुचतो का कुणाला?

प्रतिसाद

खटकलं ते योग्यच आहे. राक्षस म्हटलं की डोळ्यांपुढे रावण येतो, बकासुर येतो, घटोत्कच येतो. हे सगळे बोलतात. त्यांना आईबाप आहेत, कुळ आहे. हिडिंबेने तर भीमाशी लग्न केलं. राक्षस जे करतो ते जाणूनबुजून करतो, म्हणून त्याच्या वधाचा आपल्याला आनंद होतो.

जपानी शब्दात ‘काइ’ म्हणजे विचित्र, गूढ, आणि ‘जू’ म्हणजे पशू. कधी न पाहिलेलं जनावर. त्यात दुष्टपणाचा मागमूस नाही.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख जपानच्या एका मासेमारी बोटीवर पडली आणि बोटीवरचे २३ खलाशी आजारी पडले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ पडद्यावर आला. त्यातला प्राणी समुद्राच्या तळाशी आपला राहत असतो आणि असल्याच चाचण्यांनी तिथून उठतो. चित्रपटातले पुराजीवशास्त्रज्ञ यामाने म्हणत राहतात की याला मारू नका, याचा अभ्यास करा. गोजिराच्या पोशाखात शिरून काम करणारे हारुओ नाकाजिमा प्राणिसंग्रहालयात जाऊन मोठी जनावरं पाऊल कसं टाकतात ते बघत बसायचे. इतक्या निगुतीने उभ्या केलेल्या जनावराला आपण ‘राक्षस’ म्हटलं, तर बॉम्बचा दोष त्याच्या पदरात पडतो. मला हे भाषेपुरतं वाटत नाही, चित्रपटच उलटा वाचला जातो.

प्रतिसाद

पण ‘राक्षसी कासव’, ‘राक्षसी मुंग्या’ असं आपण म्हणतोच की. ‘गामेरा’ म्हणजे राक्षसी कासवच नाही का?

प्रतिसाद

विशेषणाची गोष्ट वेगळी. ‘राक्षसी’ हे विशेषण नुसता आकारही सांगतं. राक्षसी लाट म्हटल्यावर लाटेच्या मनात पाप आहे असं कुणाला वाटत नाही. नामाला मात्र स्वभाव चिकटलेला आहे. तेव्हा ‘राक्षसी कासव’ चालेल, ‘कासव-राक्षस’ नको.

‘अजस्र’ लिहिणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की त्यात ‘त’ नाही. ‘अजस्त्र’ चूक. संस्कृतात त्याचा अर्थ ‘न थांबणारा, अखंड’. प्रचंड आकाराचा हा अर्थ मराठीत रुळला, आणि तो आता आपलाच आहे.

‘श्वापद’ मलाही आधी आवडला होता. पण त्यात ‘श्वन्’ म्हणजे कुत्रा दडलाय, कुत्र्यासारखे पाय असलेलं ते श्वापद. आज कुत्रा कुणाला आठवत नाही, तरी जंगल आणि सुळे आठवतातच. मोसुरा तर पतंग, म्हणजे कीटक आहे. पतंगाला श्वापद म्हणवत नाही.

प्रतिसाद

पुराणातला पशू ‘शरभ’ कसा वाटतो? जंजिऱ्याच्या दरवाजापाशी कोरलेल्या पशूने पायांत हत्ती दाबून धरलेत. आकाराची तीच कल्पना आहे.

प्रतिसाद

चित्र सुंदर आहे, पण शरभाला त्याचं ठरलेलं रूप आहे. ते दुसऱ्याला देता येणार नाही.

मी ‘धूड’ सुचवेन. लहानपणी आमच्या गावच्या किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला होता. अर्धा वाळूत, अर्धा पाण्यात. लाट आली की शेपटीकडचा भाग जरासा हलायचा. आजोबा लांबूनच म्हणाले, “केवढं धूड आलंय बघ!” त्या एका शब्दात आकार होता, वजन होतं आणि कणवही होती. या चित्रपटांची सगळी मेहनत वजनासाठीच आहे. ‘गोजिरा’चे विशेष दृश्यपरिणाम सांभाळणारे एइजी त्सुबुराया कॅमेरा नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवून चित्रण करत, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ, जड दिसे. खोलीएवढ्या जागेत पोशाख घालून चालणारा माणूस त्यामुळे ५० मीटरचा वाटतो. ‘धूड’ म्हणताना तो ‘ड’ जिभेवर तसाच जड पडतो.

‘गोजिरा’ हे नाव ‘गोरिरा’ म्हणजे गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा यांतून जुळवलेलं आहे. अर्ध्या नावात देवमासा आहेच!

प्रकाराचं नाव म्हणून मूळ शब्दच ठेवा, फक्त ‘काइज्यू’ असा लिहा. ‘जू’ लिहिलं की मराठी वाचक बैलाच्या मानेवरच्या जूचा ज उच्चारतो. जपानी ज ‘जीव’मधला आहे. ज्यूस, ज्यूरी लिहिताना आपण हीच सोय करतो.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. ‘गोजिरा’वरून आठवलं. आईला मूळ जपानी चित्रपट दाखवत होते. पडद्यावरचे लोक “गोजिरा! गोजिरा!” ओरडत पळायला लागले तशी ती म्हणाली, “अगं, गोजिरा म्हणतायत त्याला?” आपला साजिरा-गोजिरा तो हाच उच्चार, ज सुद्धा तोच. मग शेवटपर्यंत ती त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. समुद्राच्या तळाशी तो मरतो तेव्हा तिने डोळे पुसले.

प्रकाराला ‘काइज्यूपट’ ठेवलंय. आणि टोकियो जाळून तो परत जातो त्या प्रसंगात ‘राक्षस समुद्रात नाहीसा झाला’ असं लिहिलं होतं, तिथे आता ‘ते धूड पुन्हा पाण्यात उतरलं’ असं केलंय. ‘तो’चं ‘ते’ झालं.