कॉम्प्युटरवरच्या नको त्या जाहिराती: तुम्हाला कुठं सापडल्या, कशा काढल्या? (कोल्हापूरकरांचे अनुभव)

कोल्हापुरात कुणाचाही कॉम्प्युटर बघायला बसलो की पहिली तक्रार ठरलेली असते. "कोपऱ्यातनं सारख्या जाहिराती येत्यात. अँटिव्हायरस टाकलाय, तरी थांबंनात." मी गेली बरीच वर्षं दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळं माझं मत आधी मांडतो. अ‍ॅडवेअर म्हणजे नको त्या जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर; त्याचं नाव काढलं की लोकांना एकच रोग वाटतो. प्रत्यक्षात जाहिरात निदान सहा-सात वेगवेगळ्या जागांवरून येऊ शकते: साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी, ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं जादा सॉफ्टवेअर), डेस्कटॉपवरचा शॉर्टकट, टास्क शेड्युलर (ठरावीक वेळेला कामं चालवणारी विंडोजची सोय), प्रॉक्सी (इंटरनेटची वाट मधल्या दुसऱ्या मशीनवरून वळवणारी सेटिंग), ब्राउझरची पॉलिसी, कधी घरातला राउटरसुद्धा. प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा. म्हणून आधी जागा ओळखायची, हातानं साफ करायचं आणि मग स्कॅन. बहुतेक जण स्कॅनपासून सुरुवात करतात आणि तिथंच थांबतात.

तर आपापले अनुभव लिहा. नुसतं "अमुक टाका, तमुक टाका" नको. काय दिसत होतं, कुठं सापडलं आणि काढल्यावर परत आलं का, एवढं तरी यायला हवं. ज्या दुकानात गंडला असाल त्याचं नाव घालू नका.

लक्ष्मीपुरी, होलसेल दुकान

आमच्याकडं बिलिंगच्या मशीनवर उजव्या कोपऱ्यात सारखं "व्हायरस सापडला, आत्ताच साफ करा" असं यायचं. बिल छापता छापता खिडकी वर यायची, गिऱ्हाईक बघत बसायचं. मुनीमजी घाबरून मशीनच बंद करायचे. शेजारच्या दुकानातला पोरगा आला. त्यानं त्या खिडकीतली बारीक अक्षरं वाचायला लावली. तिथं क्रोमचं नाव होतं आणि खाली कुठल्या तरी अनोळखी साइटचा पत्ता. म्हणजे मशीनमध्ये काही शिरलेलंच नव्हतं. क्रिकेटचा सामना बघायच्या नादात कुणीतरी "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" या पाटीवर क्लिक केलं होतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. अलाऊच्या यादीत अशा साइट्सची रांगच होती. सगळ्या काढल्या. आणि तिथंच वर "साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका" असा पर्याय आहे, तो कायमचा लावून टाकला. दुकानाच्या मशीनला कुठल्याच साइटच्या नोटिफिकेशनची गरज नसते.

राजारामपुरी, डीटीपी आणि लग्नपत्रिका

आमच्या धंद्यात हा त्रास सगळ्यांत जास्त, आणि कारण सरळ आहे. रोज नवा फॉन्ट लागतो, नवा कन्व्हर्टर लागतो, आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं. "मराठी फॉन्ट फ्री डाउनलोड" असं शोधलं की जी पानं येतात त्यांवर चार हिरवी डाउनलोड बटणं असतात, त्यातलं खरं एखादंच आणि तेही सगळ्यांत बारीक. फॉन्टच्या नावाखाली जर ईएक्सई फाइल उतरली तर ती उघडायचीच नाही. फॉन्ट म्हणजे टीटीएफ किंवा ओटीएफ, फार तर झिपमध्ये. त्याला इन्स्टॉलर कशाला लागतोय?

मोठ्या साइटवरनं घेतलं म्हणजे चांगलंच, असंही नाही. जिम्प हे फोटो एडिटिंगचं फुकट सॉफ्टवेअर आम्ही वापरतो. २०१५ साली सोर्सफोर्ज या नावाजलेल्या साइटवर त्याच जिम्पच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींच्या ऑफर चिकटवलेल्या निघाल्या आणि जिम्पच्या लोकांनी उघड निषेध केला. २०१६ मध्ये सोर्सफोर्जचे मालक बदलले आणि नव्यांनी तो प्रकार बंद केला. पण तेव्हापासून माझा नियम पक्का झाला: ज्यानं सॉफ्टवेअर बनवलं त्याच्याच साइटवरून घ्यायचं.

मराठी टायपिंगचंही तसंच. गूगल इनपुट टूल्सची विंडोजवरची जुनी फाइल लोक अजून कुठल्याकुठल्या साइटवरनं उतरवतात. तिची गरजच राहिलेली नाही. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच मिळतो. सेटिंग्जमध्ये लँग्वेजमध्ये मराठी जोडायची, कीबोर्डमध्ये फोनेटिक निवडायचा. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची दुसरी मांडणी तर त्याच्याही आधीपासून आहे. युनिकोडमध्ये मुक्त, नोटो सान्स देवनागरी असे चांगले फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. पत्रिकेला जुन्या वळणाचा फॉन्ट हवाच असेल तर तो विकत घ्या. एकदा मशीन बसलं की लग्नसराईत जे नुकसान होतं त्यापुढं फॉन्टची किंमत काहीच नाही.

कसबा बावडा

आमच्या घरी क्रोम उघडलं की दरवेळी एक वेगळंच सर्च पान यायचं. होमपेज बदललं, क्रोम काढून परत टाकलं, तरी तेच. भाच्यानं डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं. टार्गेटच्या चौकटीत क्रोम डॉट ईएक्सई नंतर अवतरण चिन्ह संपतं, त्याच्याही पुढं एका साइटचा पत्ता चिकटवला होता. तेवढा पुसला, बास. टास्कबारवरचं चिन्ह वेगळं असतं, तेही तपासा. आमचं तिथं राहिलं होतं.

शिवाजी विद्यापीठ परिसर, एमएस्सीचा विद्यार्थी

असाइनमेंटसाठी पीडीएफ जोडायचं एक एक्स्टेन्शन होस्टेलवर सगळ्यांनीच टाकलं होतं. काही महिने नीट चाललं. मग गूगलवर काहीही शोधलं की आधी एक दुसरंच पान चमकून जायचं आणि निकालात नुसत्या जाहिराती. एका मित्रानं स्कॅन मारला, टूलनं एक्स्टेन्शनच्या फाइल्स काढल्या, आणि संध्याकाळी ते परत हजर. त्याचं कारण कळायला आम्हाला वेळ लागला. क्रोममध्ये सिंक चालू होतं. टूलनं फक्त मशीनवरच्या फाइल्स उडवल्या होत्या. गूगल खात्यात जी एक्स्टेन्शनची यादी साठलेली असते तिच्यावरनं क्रोमनं ते इमानेइतबारे परत बसवलं. आधी सिंक बंद केलं, एक्स्टेन्शन क्रोमच्याच यादीतनं काढलं, खात्यातला साठलेला सिंक डेटा पुसला, मग स्कॅन केला आणि शेवटी सिंक चालू केलं. मग ते गेलं ते गेलंच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चांगलं एक्स्टेन्शनसुद्धा नंतर बिघडू शकतं. द ग्रेट सस्पेंडर हे लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन होतं. मूळ डेव्हलपरनं २०२० मध्ये ते विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) म्हणून ते बंद केलं. वापरणाऱ्यांनी मधल्या काळात वेगळं काहीच केलं नव्हतं, अपडेट आपोआप होत होतं. म्हणून मी आता सेमिस्टर संपली की यादी उघडतो आणि जे वापरात नाही ते काढून टाकतो.

शिवाजी उद्यमनगर, फाउंड्रीचं ड्रॉइंग ऑफिस

आमच्याकडं सगळंच एकदम होतं, म्हणून सविस्तर लिहितो. ऑफिसमधल्या एका मशीनवर आमच्या आधीच्या माणसानं कॅडचं (ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचं) क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालवायला कुलूप फोडलेली आवृत्ती, टाकलेलं. क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि तो बंद असताना बाकीचं सगळं आत घुसतं. लक्षणं अशी: ठरावीक वेळेला काळी खिडकी क्षणभर चमकायची आणि ब्राउझरमध्ये जुगाराचं पान उघडायचं. गिऱ्हाइकाबरोबर ड्रॉइंग बघत असताना ते पान आलं की मान खाली जायची.

वेळ ठरलेली आहे म्हणजे कुणीतरी लावून ठेवलंय, हे आमच्या मेंटेनन्सच्या दादांनी ओळखलं. टास्क शेड्युलर उघडला. तिथं अपडेटसारखं साधं नाव दिलेलं एक टास्क होतं, पण अ‍ॅक्शन्सच्या टॅबमध्ये कमांड आणि त्यात साइटचा पत्ता. ते लगेच पुसलं नाही. आधी डिसेबल करून दिवसभर बघितलं, पान आलं नाही, मग काढलं. विंडोजची स्वतःची कितीतरी टास्क तिथं असतात, घाईनं पुसायला जाऊ नका.

एवढं करूनही क्रोममध्ये एक एक्स्टेन्शन होतं त्याचं रिमूव्ह बटण दाबताच येत नव्हतं. मेनूच्या तळाशी "मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन" असं लिहिलेलं. आमच्या ऑफिसनं असलं काहीच लावलेलं नव्हतं. हा पॉलिसीचा प्रकार. मोठ्या कंपन्यांना सगळ्या मशीनवर एकसारखी सेटिंग ठेवता यावीत म्हणून क्रोमनं दिलेली सोय अ‍ॅडवेअर वापरतं. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप केलं की काय लादलंय ते दिसतं. आम्ही अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर हे जाहिरातींचं सॉफ्टवेअर काढायचं टूल वापरलं. त्याच्या सेटिंग्जमध्ये क्रोम पॉलिसी रिसेट करायचा पर्याय आहे, प्रॉक्सीचाही आहे. तो लावून स्कॅन केला, मशीन रीस्टार्ट केलं आणि बटण मोकळं झालं.

शेवटी क्रॅकही काढलं आणि विंडोज नव्यानं टाकलं. क्रॅकबरोबर फक्त जाहिराती आल्यात की पासवर्ड चोरणारंही काही आलंय, याची खात्री देता येत नाही. ते मशीन बँकेसाठीही वापरत होते, म्हणून सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले.

धागाकर्ता

उद्यमनगरच्या अनुभवाचा शेवटचा परिच्छेद नीट वाचा. नुसत्या नोटिफिकेशनसाठी लोक फॉरमॅट मारून घेतात, पैसे जातात, फोटो जातात. उलट क्रॅक असलेल्या मशीनवर नुसता स्कॅन करून समाधान मानतात. दोन्ही चुकीचं आहे.

अ‍ॅडडब्ल्यूक्लीनरबद्दल थोडं. ते २०१६ पासून मालवेअरबाइट्स या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीकडं आहे आणि फुकट आहे. त्याच नावाच्या नकली साइट्स निघाल्यात, म्हणून मालवेअरबाइट्सच्या साइटवरूनच घ्या. शोधल्यावर सगळ्यांत वर "स्पॉन्सर्ड" लिहिलेला निकाल येतो त्यावर क्लिक करू नका. अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये याच नकली जाहिरातींबद्दल इशारा दिला होता, आणि अ‍ॅड ब्लॉकर वापरा असंही सांगितलं होतं. क्रोमचं स्वतःचं सफाईचं टूल मात्र मार्च २०२३ पासून बंद झालंय. त्याच्या सूचना देणारे जुने लेख बाजूला ठेवा.

आणि सगळ्यांनी एक गोष्ट करा. विंडोज सिक्युरिटी उघडा, अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, त्यात रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन. "पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग" चालू आहे का बघा. अ‍ॅडवेअर बऱ्याचदा व्हायरसच्या व्याख्येत बसत नाही, कारण तुम्ही कुठंतरी "आय अ‍ॅग्री" दाबलेलं असतं. हा पर्याय अशांसाठीच आहे. जुन्या मशीनवर तो बंद असू शकतो.

शाहू मार्केट यार्ड, गुळाची अडत

आमचे काका हिशेब लिहीत होते. अचानक पूर्ण पडदा लाल, भोंग्याचा आवाज, "तुमचा कॉम्प्युटर लॉक केला आहे, या नंबरवर फोन करा." काकांनी फोन लावला. समोरचा गोड बोलून मशीनचा ताबा घ्यायचं अ‍ॅप उतरवायला सांगत होता. तेवढ्यात मी आलो आणि वायफाय तोडलं.

ते नुसतं वेबपेज असतं. एस्केप बराच वेळ दाबून धरलं तर पडदा लहान होतो, नाहीतर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. परत उघडल्यावर "रीस्टोअर पेजेस" विचारतं, ते दाबायचं नाही. कुठलीही खरी कंपनी असा पडद्यावर फोन नंबर देत नाही. कुणाचे पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा. जितका उशीर तितके पैसे अडवणं अवघड. काकांना आता सांगून ठेवलंय, पडद्यावरच्या नंबरला फोन करायचाच नाही, आधी मला करा.

रंकाळा परिसर

घरातल्या लॅपटॉपवर, मोबाइलवर, टीव्हीवर, सगळीकडं पानं वळायची. सगळी यंत्रं एकदम बिघडत नाहीत, म्हणून लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून बघितला. जाहिराती गायब. दोष राउटरचा निघाला, त्यातला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेटिंग) कुणीतरी बदललेला. राउटर रिसेट केला, अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड बदलला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं.

जयसिंगपूर

मुलीला नवा लॅपटॉप घेतलाय. नव्यात असलं काही असतं का?

धागाकर्ता

ताई, असू शकतं. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर २०१४ च्या सुमारास सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच यायचं. त्यानं स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठली साइट खरी हे मशीनला पटवणारा दाखला) बसवलं होतं, त्यामुळं बँकेच्या सुरक्षित पानांमध्येही डोकावणं शक्य होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते उघडकीला आलं आणि कंपनीनं काढून टाकायचं टूल दिलं. आता तितकं वाईट सहसा दिसत नाही, पण ट्रायलचे अँटिव्हायरस, गेम, शॉपिंगची चिन्हं असतात. मुलीबरोबर बसून इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सची यादी वाचा, नको ते अनइन्स्टॉल करा. ट्रायलचा अँटिव्हायरस काढला की विंडोजचा डिफेंडर आपोआप चालू होतो.

गडहिंग्लज, महा ई-सेवा केंद्र

आमच्याकडं दिवसभर लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात, पोरं कामाला आहेत, एकाच मशीनवर पाच हात फिरतात. आम्ही रोजच्या कामाचं खातं स्टँडर्ड ठेवलं, अ‍ॅडमिनचं वेगळं, त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडं. बहुतेक सॉफ्टवेअर बसताना तो पासवर्ड मागतं, मग पोरं मला हाक मारतात आणि मी कस्टम निवडून एकेक टिक वाचतो. काही प्रोग्रॅम पासवर्डशिवाय त्या खात्यापुरते बसतात, म्हणून यादी तरीही बघावी लागते. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा ब्लॉकर टाकलाय. क्रोममध्ये आता त्याची लाइट आवृत्तीच चालते. पण ब्लॉकर पानावरची जाहिरात लपवतो, मशीनमध्ये आधीच बसलेलं अ‍ॅडवेअर काढत नाही, हे पोरांना वेगळं सांगावं लागलं.

जाहिरात दिसायला लागली तर मी कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रॅम्सची यादी "इन्स्टॉल्ड ऑन"प्रमाणे लावतो. त्रास सुरू झाला त्या तारखेला काय काय बसलं ते ओळीनं दिसतं. हव्या असलेल्या सॉफ्टवेअरच्या शेजारी त्याच तारखेचं एखादं अनोळखी नाव असलं की तपास तिथनं सुरू करतो.