बायचुंग भुतिया : ३७ मॅच, ३ गोल, मग एवढं कौतुक कशाचं?

डावा_पाय
काल डब्बा खाताना सिनियरशी वाद झाला. तो म्हणे भुतियासारखा स्ट्रायकर परत होणे नाही. मी मोबाईल काढून दाखवलं, इंग्लंडात बरी (Bury) नावाच्या क्लबकडून लीगच्या ३७ मॅचमध्ये ३ गोल, आणि तेही तिसऱ्या पातळीच्या डिव्हिजनला. मी सुनील छेत्रीला बघत मोठा झालो म्हणून असेल, पण खरंच कळत नाही. ज्यांनी त्याला खेळताना बघितलंय त्यांनी सांगा ना.

खडूस_रेफ्री
अरे विकिपीडिया बघून फुटबॉल कळत असतं तर काय.
१३ जुलै १९९७, फेडरेशन कपची सेमीफायनल, ईस्ट बंगाल वि. मोहन बागान. मी तेव्हा नोकरीला कोलकात्यात होतो, एका बंगाली मित्राने ओढून नेलं. सॉल्ट लेक स्टेडियमला सव्वा लाखाच्या वर पब्लिक, बसायला सोडा उभं राहायला जागा नाही, समोरच्याच्या खांद्यावरून अर्धं मैदान दिसत होतं. बागानचे कोच अमल दत्ता, त्यांची ती डायमंड सिस्टीम (खेळाडू हिऱ्याच्या आकारात लावायची पद्धत) फॉर्मात होती आणि मॅचच्या आधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची मापं काढली होती, ओमोलो म्हणजे ऑम्लेट, सोसो म्हणजे शोशा (बंगालीत काकडी) आणि भुतियाला चुंगचुंग. झालं, चुंगचुंगने हॅटट्रिक ठोकली, ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकलं. वय वर्षं २०! मित्राने घरी जाताना इलिश (हिलसा मासा) घेतला, भाव विचारलाच नाही.

गिगलेन_जवळचा
मी मँचेस्टरजवळ राहतो म्हणून बरीबद्दल सांगतो. क्लबचं नाव बरी, पण परिस्थिती अजिबात बरी नव्हती, २००२ मध्ये दिवाळ्याच्या दारात होते. त्यात भुतियाचा गुडघा गेला. आणि १९९९ मध्ये तिथे पोचणं हेच केवढं होतं बघा ना, फुलहॅम, वेस्ट ब्रॉम, व्हिला अशा इंग्लिश क्लबांत ट्रायल देऊन झालेल्या, कुणी घेतलं नाही. तरी सिक्कीमच्या तिनकितामचा पोरगा युरोपियन क्लबशी करार करणारा पहिला भारतीय ठरला. थंडीत चिखलात सहा फुटी डिफेंडर अंगावर येणार आणि हा काडीपैलवान.
२०१९ ला त्या क्लबलाच लीगमधून हाकललं, ते वेगळं.

डावा_पाय
ओके, १९९७ चं माहीतच नव्हतं. पण २०११ च्या एशियन कपला तरी काय केलं?

खडूस_रेफ्री
पोटरी दुखावली होती रे, कोरियाविरुद्ध शेवटी थोडा वेळ उतरला तेवढाच. पण तिथे जायचं तिकीट २००८ चा एएफसी चॅलेंज कप जिंकून मिळालं, फायनलला ताजिकिस्तानविरुद्ध ४-१, छेत्रीचे ३ आणि चौथा कुणाचा ते बघ तुझ्या मोबाईलवर.

बेंचवरचा
खेळाडू म्हणून सलाम, पण निवडणुकांत माणूस सारखा ऑफसाइड. २०२२ ला भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या अध्यक्षपदाला ३३-१ ने हरला, आणि हरवलं कुणी तर गोलकीपरने, कल्याण चौबे 😄

डावा_पाय
चौथा भुतियाचाच. उद्या सिनियरला चहा पाजावा लागणार.