प्रतिसाद: व्हॅन सपाट उभी करा, मग बाकीचं

चिखलदऱ्याला कॅम्परव्हॅन (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) न्यायची तर काय तयारी करावी, या प्रश्नावर बॅटरी-सोलरची बरीच चर्चा झाली, पण गाडी सपाट उभी करण्याबद्दल कोणी बोललंच नाही. डोकं उताराकडे आलं की झोपेचं खोबरं! पारदर्शक बाटलीत पाणी भरा, वर थोडी हवा राहू द्या आणि गाडीतल्या ओट्यावर रुंदीच्या दिशेने आडवी ठेवा. शक्यतो चौकोनी घ्या, गोल घरंगळते. बुडबुडा जाईल ती बाजू उंच. म्हणजे तिच्या विरुद्ध, खालच्या बाजूच्या चाकापुढे जाड फळी टाकून गाडी हळूच तिच्यावर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, बाकीच्या चाकांना दगड लावायचे. मग बाटली गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवून पुन्हा बघा.

गॅस आत ठेवणार असाल तर छताच्या पंख्यावर विसंबू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळली की खाली साचते, म्हणून झरोका तळाशीच हवा. रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचं पाणी लावा. फुगे आले तर काडी ओढू नका.

मे महिन्यात नागपुरातून निघणार असाल तर ऊन अडवायला चकचकीत शीट उभ्या गाडीच्या काचेला बाहेरून लावा, आतून लावून उपयोग कमी. आणि कूलर चढवायचा मोह आवरा बाप्पा, पावसाळ्यात तो नुसता दमटपणा वाढवतो.