अर्धवट राहिलेली गोधडी: हाताने पुरी करावी की मशीनवर? (गुहागर-चिपळूण)

मीनल_गुहागर: सासूबाईंनी दोन नऊवारी लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली होती. निम्मी झाली आणि मोतीबिंदू वाढला. एका कडेला टाके तांदळाएवढे, पुढे वालाएवढे, शेवटच्या चार ओळी तर कुठल्या कुठे गेल्यात. आता त्या नाहीत. वाकडे टाके उसवून नव्याने घालावेत का? कोण शिवून देतं? बजेट १५०० रुपये, त्यापुढे नाही. पावसाआधी हवी, भाचीच्या बाळासाठी.

देवगडचा_हापूस: मशीनवर टाका, विषय संपला. आम्ही पुण्यात करून घेतली, साडेतीन हजार. एक सुरकुती दाखवा.

मीनल_गुहागर: दादा, १५०० लिहिलंय.

नानी_दापोली: उसवू नकोस गं बाई. जुनेर विरलेलं असतं, टाका ओढलास की कापडच हातात येईल. मी चाळीस वर्षं शिवतेय. जमिनीवर सतरंजी, वर लुगडी ताणून पसर, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, जे असेल ते ठेव. आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर धर, मग कडेपासून आत धावदोरा. दोरा हातभरच घे, लांब घेतलास की गुंता. आणि नवं कापड लावणार असशील तर आधी धुऊन आटवून घे, नाहीतर पहिल्याच धुण्यात गोळा होईल. माझा झालाय.

सावंतवाडी_८२: आत फोम मात्र घालू नका. चार हजार घालवले. श्रावणापर्यंत असा कुबट वास की कुत्रंही त्यावर बसेना. ज्याने शिवली तो आता फोन उचलत नाही.

कोल्हापूरची_लेक: आमच्याकडे वाकळ म्हणतात. गोधडी वेगळी ना?

मालवणी_माणूस: नावात काय आसा? माझ्या आवशीन शिवलेली अजून आसा. उसवू नको.

कारवारकर: कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघा. त्याही कडेपासून सुरू करून आत आत शिवत जातात. चारी कोपऱ्यांत तुकडे घडी घालून लावतात, त्याला फुला म्हणतात. फुला नसेल तर कवंदी उघडी, असं त्या मानतात. टाके सरळ आहेत की नाहीत, कोण बघतो!

वाबीसाबी_रत्नागिरी: अमेरिकेतले आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण परिपूर्ण फक्त देव. तुमच्या सासूबाईंच्या ओळी म्हणजे हेच.

निवृत्त_मास्तर: ती दंतकथा आहे, अभ्यासकांनी खोडून काढलेली. आणि मुद्दाम कशाला? शिवायला बसलं की चूक आपसूक होते. उदाहरण हवं तर अमेरिकेत अलाबामातलं जीज बेंड गाव घ्या. तिथल्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून वाकड्यातिकड्या गोधड्या शिवल्या, २००६ साली त्या अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या.

वाबीसाबी_रत्नागिरी: मुद्दा तोच झाला ना मास्तर?

निवृत्त_मास्तर: नाही झाला. त्यांना मोतीबिंदू नव्हता, त्यांची रचनाच तशी.

देवगडचा_हापूस: म्हणून म्हणतो, मशीन.

नानी_दापोली: मशीनची शिलाई घट्ट बसते हो, जुनं कापड त्या रेघेवरच फाटतं. मीनल, कापाकापी करू नकोस, आणून दे, मी पुरी करते. पैसे नकोत, दोरा तुझा.

सावंतवाडी_८२: फोम नको हं.

मीनल_गुहागर: सगळ्यांचे आभार. नानी, रागावू नका. काल रात्री अंथरून बघत बसले. शेवटच्या ओळीत सुईला दोरा अजून ओवलेला आहे, वीतभर. त्यांनीच ओवला की कुणाकडून ओवून घेतला, आठवेना. त्यापुढे दुसऱ्या कुणाचे टाके नको वाटले, नानी, तुमचेही. त्या ओळीपाशी कापली. बाळापुरती होते. वाकड्या चार ओळी मधोमध नाहीत, एका कडेला आल्यात, असू देत. सुई काढून डबीत ठेवली. बाजारातल्या टेलरने कडा दुमडून दिल्या, १८० रुपये.

नानी_दापोली: कापलीस!

मीनल_गुहागर: उरलेली लुगडी आहेत अजून. पावसात बसू का तुमच्याकडे शिकायला?

नानी_दापोली: ये. चष्मा घेऊन ये, मला आता दोरा ओवता येत नाही.

देवगडचा_हापूस: कडा मशीनवरच केल्या ना शेवटी?