शेठचा रिपोर्ट सुरू झाला की संकलनाचं काउंटर आडवं, डेटाबेस वेगळा करू का?

दूधवाला_डेव्ह
नमस्कार मंडळी, एका दूध संघाचं सॉफ्टवेअर बघतो, १४० संकलन केंद्रं, सकाळ-संध्याकाळ दूध, प्रत्येक उत्पादकाची लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ), दर अशी एक रो (नोंदीची ओळ) पडते आणि स्लिप निघते. डेटाबेस पोस्टग्रेस आहे, पाच वर्षांत साडेसात कोटी रो झाल्यात, टेबल २० जीबीच्या आसपास, रॅम १६. प्रॉब्लेम असा की शेठ बरोब्बर संध्याकाळी सहाला "तालुकावार, महिनावार, मागच्या वर्षीशी तुलना" वाला रिपोर्ट उघडतात आणि तिकडे केंद्रांवर स्लिप निघायला दहा-दहा सेकंद, लोक किटल्या घेऊन उभे. चार इंडेक्स (रो पटकन शोधायच्या याद्या) वाढवले, उलट एंट्री अजून हळू झाली. टेबल लॉक होतंय का? सगळंच उचलून क्लिकहाऊसवर (मोठ्या रिपोर्टसाठीचा वेगळा डेटाबेस) न्यावं का?

एक्सप्लेन_अण्णा
लॉक नाही रे. पोस्टग्रेसमधे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. अडतेय ती डिस्क. स्लिप काढताना तुला एका उत्पादकाच्या दोन-चार रो लागतात, इंडेक्सवरून गेला, ८ केबीची एक-दोन पानं उघडली, काम झालं. शेठच्या रिपोर्टला कॉलम पाहिजेत पाचच पण साडेसात कोटी रोचे, आणि पोस्टग्रेस रो अख्खी एका जागी ठेवतं, म्हणजे पाच कॉलमसाठी तुझे असतील ते तीस-पस्तीस कॉलम डिस्कवरून ओढायचे. २० जीबी १६च्या रॅममधे मावत नाही, वर वर्क_मेम (सॉर्टसाठी मिळणारी मेमरी) डीफॉल्ट ४ एमबीच असेल तर सॉर्ट पण टेंपररी फाइलमधे सांडणार. क्लिकहाऊस, डकडीबी ही मंडळी प्रत्येक कॉलम वेगळा ठेवतात, नको ते वाचतच नाहीत, शिवाय एकसारख्या किमती शेजारी आल्या की कॉम्प्रेशन जबरदस्त बसतं.
ते चार इंडेक्स काढ आधी. प्रत्येक एंट्रीला चार ठिकाणी जास्तीचं लिहायला लावलंयस त्याला.

रात्रपाळी
रीड रेप्लिका टाक, म्हणजे फक्त वाचायला मेन डेटाबेसची दुसरी प्रत, विषय संपला.

एक्सप्लेन_अण्णा
@रात्रपाळी संपत नाही, मी भोगलंय. रेप्लिकावर रिपोर्ट लांबला आणि मेनवरच्या व्हॅक्यूमशी (मेलेल्या, म्हणजे कालबाह्य रो साफ करणारं काम) भांडण झालं की डीफॉल्ट ३० सेकंदांनी क्वेरी मारून टाकतं. हॉट स्टँडबाय फीडबॅक चालू केलं, म्हणजे रेप्लिकाने मेनला "अजून साफ करू नको" सांगितलं, तर मेनवर मेलेल्या रो साचतात. काउंटर वाचेल हे खरं, पण रिपोर्ट तेवढाच हळू, कारण रेप्लिका पण रोवालीच ना.

दूधवाला_डेव्ह
मग सगळं क्लिकहाऊसवर?

कोल्हापुरी_क्वेरी
अजिबात नको भावा. एकेक रो टाकत बसलास तर दर इन्सर्टला त्याचा नवा पार्ट (डिस्कवरचा वेगळा तुकडा) बनतो, थोड्या वेळात "पार्ट फार झाले" म्हणून तेच ओरडतं, त्याला हजारांच्या गठ्ठ्यात माल लागतो. प्रायमरी की (रोची ओळख ठरवणारा कॉलम) असते पण ती डुप्लिकेट अडवत नाही, म्हणजे केंद्रावर नेट गेलं, पोराने परत बटण दाबलं, एकाच किटलीचे दोनदा पैसे. आणि फॅट चुकलं, दुरुस्ती करा हे तुमच्याकडे रोजचं असणार, तिथे नेहमीचं अपडेट म्हणजे पार्टमधला डेटा परत लिहून काढणं.
मला एक सांग, बिल दहा दिवसांचं ना? बिल बंद झाल्यावर जुनी एंट्री कोण बदलतं का?

दूधवाला_डेव्ह
नाही दादा, १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. बिल वाटलं की फरक पुढच्या बिलात वेगळी एंट्री करून घेतात, जुन्याला हात नाही.

कोल्हापुरी_क्वेरी
मग तुझं काम झालंच. बंद बिलांचा डेटा एकदाच काढून पार्के फाइलमधे (कॉलमवार साठवणारी फाइल) टाक, महिन्याला एक. चालू बिलाचे दहा-अकरा दिवस तेवढे रोज रात्री पुसून परत भरायचे, म्हणजे दुरुस्त्या आपोआप येतात, "काय बदललं" शोधत बसायला नको. त्यावर डकडीबी, ॲम्स्टरडॅमच्या संशोधन संस्थेतून निघालंय, फुकट आहे, सर्व्हर नाही, प्रोग्रॅममधेच चालतं. साडेसात कोटीला क्लिकहाऊस म्हणजे स्कूटीला ट्रॉली. फक्त दुसऱ्या मशीनवर ठेव, नाहीतर सहा वाजता परत तीच डिस्क.

रात्रपाळी
समरी टेबलने पण भागेल की, रोज केंद्रवार सरासरी फॅट काढून ठेवायची.

कोल्हापुरी_क्वेरी
भागेल, पण सरासरी नको साठवू. २०० लिटरवाल्या केंद्राची आणि ३००० वाल्याची सरासरी सारख्याच वजनाने मिसळली की तालुक्याचं फॅट खोटं येतं, आणि शेठला ते पाठ असतं बरं का. एकूण दूध आणि किलो फॅट ठेव, भागाकार शेवटी.

दूधवाला_डेव्ह
शेठना आजच्या सकाळचं दूध पण दिसायला हवंय, ते रात्रीच्या लोडमधे कसं येणार?

एक्सप्लेन_अण्णा
आजचं थेट पोस्टग्रेसमधून घे, तारखेवर इंडेक्स असेल तर पन्नासेक हजार रो म्हणजे काहीच नाही. इंडेक्स काढशील त्यात तो तेवढा ठेव 😄

दूधवाला_डेव्ह
तो मी आत्ताच उडवला होता. परत बनवतोय, संकलन संपल्यावर.